बाबांना कुणाच्या भरवशावर सोडू?

९ जानेवारी

दुपारी परदेशातून फोन आला. पलीकडच्या डॉक्टरीणबाई इतक्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या की मी तोंडी परीक्षेला बसलेय असं वाटायला लागलं. त्यांच्या दवाखान्यात कृत्रिम डोळे बनवणारे म्हातारे कारागीर निवृत्त होताहेत. मी पाठवलेले माझ्या कामाचे फोटो त्यांना आवडलेत. तीन वर्षांसाठी या, पुढचं पुढे बघू. "मग, येणार ना?"

मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

चाळिशी ओलांडलेली बाई मी, आणि घरी विचारून सांगते!

अर्ज मीच केला होता. पण अर्ज करणं म्हणजे दुकानाच्या काचेला नाक लावून आत बघणं. आतून कुणी दार उघडून 'या' म्हणेल असं कुठे वाटतं? फोन ठेवला तेव्हा चिमट्यात एक अर्धवट रंगवलेलं बुबुळ तसंच होतं. खिडकीतला उजेड, टेबल, रंगाच्या वाट्या, सगळं किंचित सरकल्यासारखं झालं. नाव निघते तेव्हा आपण हलतोय की काठ, ते कळत नाही, तसं.

बाबांना अजून सांगितलं नाही. त्यांना कुणाच्या भरवशावर सोडू?

११ जानेवारी

सांगितलं. बाबा जेवत होते.

"जा," म्हणाले.

"अहो, तीन वर्षं."

"ऐकलं मी. जा. भाजी वाढ जरा."

घाससुद्धा थांबला नाही त्यांचा. मला इतकं लागलं की मी उठून उगाच पाण्याचा माठ हलवून बघितला. मग विचार केला. बाबांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. जास्तीचा शब्द दिसला की लाल शाईने उडवायचा, हीच सवय हाडीमासी खिळलेली. दुःख जेवढं मोठं, तेवढं त्यांचं वाक्य लहान. आई गेली तेव्हा तर 'बरं' एवढंच म्हणाले होते.

तेव्हापासून आम्ही दोघंच आहोत. माझं लग्न मोडलं, मी इथे परत आले, ती राहिलेच. बाबांना सोबत हवी होती.

१५ जानेवारी

दादाचा फोन. तो दुसऱ्या शहरात असतो आणि सगळे प्रश्न फोनवर सोडवतो. "बाबांना आमच्याकडे आणतो, मिटलं." मागून वहिनी ओरडली, "गच्चीवरची खोली रिकामीच आहे म्हणावं!"

मी फोन बाबांच्या हातात दिला. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मी इथून हलणार नाही. माझं सगळं इथे आहे." कान थोडे लाल झाले होते.

सगळं म्हणजे आई. तिचा फोटो, तिची शिलाई मशीन. मला भरून आलं.

पहाटे स्वप्न पडलं. आमचं घर पाण्यावर तरंगतंय, अगदी सावकाश. मी काठावर उभी आहे आणि बाबा सज्जातून हात हलवताहेत. निरोप देतात तसा नाही, 'जा जा, उशीर होतोय' म्हणून हाकलतात तसा. जाग आल्यावर उशी ओली असेल असं वाटलं होतं. नव्हती.

२४ जानेवारी

आज राखाडी रंग जमवत बसले. इतकी वर्षं तपकिरीच रंगवत आलेय. तपकिरीचं मला सगळं ठाऊक आहे. मधासारखी, ओल्या लाकडासारखी, काठाला जराशी निळसर होत जाणारी म्हाताऱ्या माणसांची. पण तिथे डोळे राखाडी, हिरवे, निळे. राखाडी म्हणजे काळ्यात पांढरा मिसळला की झालं असं वाटतं. तसं केलं तर मेलेल्या माशाचा डोळा होतो. त्यात थोडा पिवळा लागतो, नावाला जांभळा लागतो, आणि आणखी काहीतरी लागतं जे मला सापडत नाही.

समोर टेलरमास्तर बसले होते. अपघातात डावा डोळा गेला, त्यांचा नवा डोळा आज पॉलिश करून बसवायचा होता. लाल रेशमाचे तंतू विलग करून मी त्यात शिरा घातल्यात, उजव्याशी जुळतील अशा. मास्तरांनी आरशात पाहिलं, मान इकडून तिकडे केली.

"ताई, हा तर माझ्यापेक्षा हुशार दिसतोय."

मी खूप हसले. मग वाटलं, तिथे कुणी असं बोललं तर मला कळेल का? आणि मी बोलले तर कुणी हसेल का? शब्द समजतील, पण हसायचं कुठे ते?

निघताना मास्तर म्हणाले, "तुमचे वडील दिसतात हल्ली पोहण्याच्या तलावावर. तब्येत छान ठेवलीय." त्यांना दुसरंच कुणीतरी दिसलं असणार. बाबांना पाण्याची भीती आहे. नव्या डोळ्याने दिसत नाही हे मास्तरांना सांगायला हवं होतं, असं मनात येऊन मी पुन्हा एकटीच हसले.

२ फेब्रुवारी

दोरीवर पोहण्याची चड्डी! निळी, नवीकोरी.

"बाबा, ही कुणाची?"

"माझी."

"तुम्हाला पोहता येत नाही."

"म्हणून तर शिकतोय."

सत्तरी उलटल्यावर! विचारलं कधीपासून, तर म्हणे झाले काही महिने. सकाळी मी कामाला गेले की जातात. एक बाई शिकवतात म्हणे, 'चांगल्या शिकवतात'. एवढं बोलून वर्तमानपत्रात तोंड घातलं. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण कालचं होतं.

मला कळेना रडू की रागावू. एकटं राहायची तयारी चाललीय त्यांची. माझा अर्ज मी चुकून टेबलावर ठेवला होता, तो वाचला असणार, आणि मनाला गुंतवायला काहीतरी शोधलं असणार. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

१३ फेब्रुवारी

बाबांनी मिशी काढली.

माझ्या जन्माआधीपासूनची मिशी. दार उघडलं तर ओळखीच्या डोळ्यांचा अनोळखी माणूस उभा. "पाण्यात त्रास होतो," म्हणाले. वरचा ओठ लहान मुलासारखा कोवळा, इतकी वर्षं ऊन न लागलेला. मला त्या ओठाची फार कीव आली.

आणखी एक गोष्ट. मोरीत पुन्हा दोन कप होते. गेल्या आठवड्यातही होते. मी विचारलं, "कुणी आलं होतं का?" तर म्हणाले, "अं? नाही. मीच घेतला." दोनदा चहा केला आणि पहिला केलेला विसरले. दोन्ही कप एकाच वेळचे दिसत होते, पण विसरणाऱ्या माणसाचं काय सांगावं.

दादाला कळवलं. तो म्हणाला, "डॉक्टरांना दाखव. हे असंच सुरू होतं."

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे नेलं. बाबा आधी चिडले, मग का कोण जाणे, माझ्याकडे बघून त्यांनी चप्पल घातली.

डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. बाबांनी पाचही सांगितले, आणि पुढे म्हणाले, "तुमच्या बाहेरच्या पाटीवर 'तपासणि' ऱ्हस्व आहे. 'णी' दीर्घ हवी. बाकी दवाखाना स्वच्छ आहे."

डॉक्टर हसून मला म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. उलट फार खुशीत दिसतात. तुमची झोप कशी आहे?"

माझी झोप! मी काय पेशंट आहे?

वाटेत बाबा म्हणाले, "ठकू, तू माझी काळजी करतेस की करमणूक?" ते माझ्या शेजारून चालत होते, आणि पूर्वीपेक्षा भरभर चालत होते हे खरं.

२६ फेब्रुवारी

ठरवलं. नाही जायचं. डॉक्टरीणबाईंना उद्या कळवते. ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं की बाजारातून उगाच फुलं आणली.

बाबांना म्हटलं, "मी जात नाहीये. तुम्हाला असं टाकून मला तिथे चैन पडणार नाही."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. आवाज चढलेला मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"माझं नाव पुढे करू नकोस."

"म्हणजे?"

"जायचं नसेल तर 'मला जायचं नाही' म्हण, मी ऐकून घेईन. भीती वाटते म्हण, तेही ऐकून घेईन. पण माझ्या म्हातारपणाच्या आड लपू नकोस. मी काय पडदा आहे?"

मीही चिडले. "आणि तुम्ही? तुम्ही तरी मनातलं कुठे बोलता? 'जा' म्हणून मोकळे झालात!"

त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं, मिशी नसल्यामुळे स्पष्ट दिसलं. मग तोंड मिटलं, आणि दोरीवरचा टॉवेल काढायला गेले. तो वाळलाही नव्हता.

२७ फेब्रुवारी

फोन केला नाही.

भीती वाटते. हे इथे लिहायला काय हरकत आहे? इथे गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत येताना मला पाच जण हाक मारतात. तिथे मी मेले तर शेजाऱ्याला माझं नाव उच्चारता येणार नाही. दुखलं तर 'कळ', 'ठणका', 'चमक', 'कणकण' यातलं काय होतंय ते कसं सांगू? तिथल्या भाषेत मी कामापुरती शहाणी आहे. वेडेपणा करण्याइतकी भाषा मला येत नाही, आणि त्याशिवाय कसं जगायचं?

आणि तरी संध्याकाळी राखाडी रंग परत जमवायला बसलेच.

५ मार्च

आज तलावावर जाऊन आले. विचार केला, समजा गेलेच, तर रोज बाबांना बघणारं निदान एक माणूस हवं. पोहण्याच्या बाईंना सांगून ठेवावं.

मोठी बंदिस्त जागा, वर काचेचं छत. पाण्यावरचा उजेड भिंतींवर डुलत होता, आणि प्रत्येक आवाज ओला होऊन दोनदा ऐकू येत होता. बाई साठीच्या असतील. पांढरे केस मुलासारखे कापलेले, गळ्यात शिट्टी. मी कुणाची मुलगी ते सांगितलं तर शिट्टी तोंडात धरली आणि परत काढली.

मी म्हटलं, "मी कदाचित बाहेरदेशी जाईन. माझ्या बाबांकडे जरा लक्ष ठेवाल का?"

"ठेवतेच की," त्या पटकन म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे, ठेवीन."

"तब्येतीचं काही झालं तर दादाला फोन करायचा. आणि घराची एक किल्ली तुमच्याकडे देऊन ठेवते."

"किल्ली आहे..." त्या थांबल्या. "किल्ली आहे ती फार जबाबदारीची गोष्ट. पण द्या, चालेल."

किती सालस बाई! परक्या माणसासाठी इतक्या चटकन तयार झाल्या. वर मला म्हणाल्या, "तुम्ही दमलेल्या दिसता. पाय सोडून बसा पाण्यात." मी बसले. कोमट पाणी. पाण्यात माझे पाय माझे नसल्यासारखे, दुसऱ्याच कुणाचे, लांब आणि निळसर दिसत होते. किती वेळ बसले कोण जाणे.

बाबांना सांगितलं, तर त्यांना ठसकाच लागला.

८ मार्च

दुपारी जेवायला पोहण्याच्या बाई आल्या. बाबांनी बोलावलं होतं. मला वाटलं किल्ली न्यायला.

बाई आल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पाण्याचे पेले काढले. वरच्या फळीवरून, डब्यांच्या मागून, जिथे मलाही शोधावे लागतात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

बाबा बसले होते ते उभे राहिले. उभं राहून बोलायचं काही कारण नव्हतं.

"ठकू, आम्ही दोघांनी ठरवलंय."

"काय ठरवलंय?"

"एकत्र राहायचं."

मी विचारलं, "कधीपासून?" कधीपासून राहणार असं विचारायचं होतं की कधीपासून हे चाललंय, माझं मलाच माहीत नाही. बाबांनी दुसरा अर्थ घेतला. "गेल्या पावसाळ्यापासून. तुझा फोन यायच्या कितीतरी आधी."

"मग सांगितलं का नाही?"

बाई खाली बघत होत्या. बाबा म्हणाले, "तू सगळ्यांना सांगतेस, बाबांसाठी मी इथे थांबलेय. मग मी कुठल्या तोंडाने सांगू की आता..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करून दिलेला माणूस.

मी हसून "अरे वा" म्हटलं. जेवले. बाईंना आग्रहही केला. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

१२ मार्च

राग येतोय, आणि कुणावर काढावा ते सापडत नाही. बाई चांगल्या आहेत. बाबा सुखात आहेत. आईचंही काही वाटत नाही, आईला उलट गंमत वाटली असती.

मग कशाचा राग? माझी गरज नव्हती याचा. पेशंटला डोळा बसवून दिल्यावर तो जिना उतरून जातो, मागे वळून बघत नाही, त्याचा मला कधी राग येत नाही. हा येतोय.

१४ मार्च

सकाळी कामाला निघाले आणि पाय तलावाकडे वळले. वरच्या सज्जातून पाहिलं. गर्दी नव्हती. बाबा पाण्यावर उताणे झाले होते, डोळे मिटून, आणि बाईंनी त्यांच्या पाठीखाली एक तळहात धरला होता. बाबांचे हात दोन्हीकडे सैल पसरलेले. सगळीकडे तो हलता उजेड. मग बाईंनी हळूच हात काढून घेतला. बाबांना ते कळलं नाही. ते तसेच तरंगत राहिले.

मला ते फार वेळ बघावंसं वाटलं, आणि बघू नये असंही वाटलं.

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तिथूनच फोन लावला. "येते मी," म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी विचारलंत?"

"विचारलं. घरी कुणाची हरकत नाही."

मग जीव अर्धा होईपर्यंत रडले. तिकिटं देणाऱ्या माणसाने पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "होतं असं. पहिल्यांदा सगळेच घाबरतात. उथळ बाजूने सुरुवात करा."

२ मे

उद्या निघायचं. दादा-वहिनी आलेत. दादा बाईंशी 'आपण, आपण' करत इतका अदबीने बोलतोय की जणू तोच नोकरीला लागतोय. वहिनी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "तुला खरंच काही कळलं नव्हतं? मिशी काढली तेव्हाच मी यांना म्हटलं होतं."

बाबांनी माझी बॅग स्वतः बांधली. बाई मध्येच आल्या, वरचे दोन स्वेटर काढून खाली घातले आणि गेल्या. बाबांनी ते परत वर घातले. मी आडवी पडून दोघांचं चाललेलं बघत राहिले, अर्धवट झोपेत, लहानपणी ताप आला की बघायची तशी.

१९ मे

आले. खोली चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीतून एक झाड आणि अर्धा पूल दिसतो. सकाळी धुकं असतं तेव्हा पूल नसतो, नुसतेच लोक हवेतून चालत जाताना दिसतात.

कुणाशी बोलले नाही की आवाज गोठतो. काल दुकानात 'धन्यवाद' म्हणायला गेले तर घशातून नुसती घरघर आली. खोलीवर येऊन मोठमोठ्याने स्वतःशी भांडले, मराठीत, सवय राहावी म्हणून.

६ जून

पहिला डोळा बिघडला. एका आजीबाईंचा. राखाडी इतका छान जमला होता, आणि घडवून, घासून, बसवून पाहिला तर उजेडात सपाट, पाटीसारखा. आजींनी आरसा खाली ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याची भाषा मला बरोबर कळली.

म्हातारे कारागीर अजून अधूनमधून येतात. ते खांदे उडवून म्हणाले, "परत करा." एवढंच. कसं ते नाही सांगितलं.

बाबांचा फोन आला तेव्हा सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "खरं की छापण्यासाठी?" मी खरं सांगितलं. मागून बाई म्हणाल्या, "तिला म्हणावं, जेव आधी."

२१ जून

आजींना समोर बसवलं आणि रंगाच्या वाट्या झाकून ठेवल्या. रंगवायचं नाही, नुसतं बघायचं ठरवलं. त्या आधी अवघडल्या, मग त्यांच्या मुलीबद्दल बोलायला लागल्या, ती कुठे दूर असते. अर्धं मला समजलं नाही. त्या बोलत होत्या आणि ढग सरकला, आणि त्यांच्या डोळ्यात बाहुलीभोवती एक बारीक वलय दिसलं, वाळक्या गवतासारखं, तपकिरी. माझ्या ओळखीचं. राखाडीच्या तळाशी तेच होतं.

डोळा दुपारपर्यंत रंगवून झाला. बसवायला अजून वेळ आहे, पण या वेळी काळजी नाही.

४ जुलै

आजींचा डोळा बसला. त्या आरशात बघून काहीतरी भरभर बोलल्या, म्हातारे कारागीर जोरात हसले. मला विनोद कळला नाही. पण कुठे हसायचं ते कळलं, आणि मी हसले.

सुटल्यावर पायीच निघाले. ऊन कललं होतं, धुकं नव्हतं, तरी सगळं जरासं तरंगत होतं. पुलावर एक बाई आडवी आली. हातात पिशव्या, दमलेली, माझ्यासारखीच कुठूनतरी आलेली असावी. तिने मोडकंतोडकं बोलत दवाखाना कुठे ते विचारलं. मला! इतक्या माणसांतून मला विचारलं.

आणि मला माहीत होतं. पूल उतरा, डावीकडे, घड्याळाच्या दुकानापासून वर. ती वळून चुकीच्या बाजूला जायला लागली, म्हणून तिची एक पिशवी घेतली आणि कोपऱ्यापर्यंत सोडून आले. वाटेत आम्ही दोघी चुकीचं व्याकरण बोलत होतो आणि दोघींना सगळं कळत होतं.

मग सावकाश घरी आले.